मेजवानीत गाता गाता स्पेल टाकला, तर आजूबाजूच्यांना ते कळते का?

सांजवारा

नमस्कार. आमचा छोटा गट डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो आणि डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची, जबाबदारी सध्या माझ्याकडे आहे. पुस्तके आम्ही २०१४ ची वापरतो. २०२४ ची प्लेयर्स हँडबुक एका खेळाडूकडे आहे, पण गट अजून तिच्याकडे वळलेला नाही. मागच्या सत्रात एक प्रसंग अर्ध्यावर थांबवावा लागला आणि त्याचा निकाल माझ्या मनाने न देता नियमांच्या आधाराने द्यावा, अशी माझी इच्छा आहे.

प्रसंग असा. एका बॅरनच्या किल्ल्यात मेजवानी चालू आहे. गटातील बार्ड (संगीतातून जादू करणारे पात्र) ल्यूट हे तंतुवाद्य वाजवत गात आहे. बॅरन तिच्यापासून वीसेक फुटांवर बसला आहे, त्याच्या उजव्या हाताला किल्लेदार आहे आणि डाव्या हाताला राजधानीहून आलेला एक जादूगार सल्लागार. उरलेल्या दालनात पाहुणे आणि वाढपी आहेत. बार्डच्या खेळाडूने जाहीर केले की ती गाण्याच्या ओघातच बॅरनवर सजेशन हा मन वळवणारा स्पेल, म्हणजे जादूचा प्रयोग, टाकते आणि तळघरातल्या कैद्याला आज रात्रीच सोडून देणे शहाणपणाचे ठरेल, असे त्याला सुचवते.

तिचे म्हणणे असे आहे की सजेशनला हस्तमुद्रा लागतच नाहीत, साहित्याची गरज ल्यूटवर भागते, कारण बार्डला वाद्य फोकस, म्हणजे साहित्याऐवजी चालणारी वस्तू, म्हणून वापरता येते, आणि मंत्रोच्चार तेवढा उरतो, तो गाण्यात सहज मिसळून जाईल. गटातल्या सॉर्सररच्या (उपजत जादू असलेल्या पात्राच्या) खेळाडूला हे मुळीच मान्य नाही. स्पेल टाकणे असे फुकट लपवता येत असेल, तर मी सटल स्पेल ही मंत्रोच्चार व हस्तमुद्रांशिवाय स्पेल टाकण्याची क्षमता घेऊन काय मिळवले, असा त्याचा प्रश्न आहे, आणि तो मला रास्त वाटतो.

म्हणून मला हे जाणून घ्यायचे आहे की कोणी स्पेल टाकत आहे हे पाहणाऱ्याला आपोआप कळते का, की त्यासाठी फासा टाकावा लागतो. आणि स्पेल संपल्यावर बॅरनला आपल्यावर जादू झाल्याचे उमगते का. पुस्तकातले नेमके आधार कोणी दिले, तर फार मदत होईल.

अष्टकोन

आपल्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत आणि नियमांनी त्यांची उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी दिली आहेत. स्पेल टाकला जात आहे हे जाणवणे ही एक गोष्ट, तो कोणता स्पेल आहे हे ओळखणे ही दुसरी, आणि ज्याच्यावर तो पडला त्याला आपण लक्ष्य झालो हे कळणे ही तिसरी. या तिन्ही गोष्टी एकच मानल्या की गटात हमखास वाद होतो.

पहिल्या प्रश्नावर २०१४ ची प्लेयर्स हँडबुक थेट काही बोलत नाही. स्पष्ट नियम आला तो २०१७ च्या झॅनथार्स गाइड टू एव्हरीथिंगमध्ये. तिथे म्हटले आहे की स्पेलला मंत्रोच्चार, हस्तमुद्रा किंवा साहित्य यांपैकी काहीही लागत असेल, तर तो टाकण्याची क्रिया इतरांना जाणवू शकते. साहित्य कोणत्या रूपात आहे याने काही फरक पडत नाही, मग तो वर्णनात सांगितलेला पदार्थ असो, घटकांची थैली असो किंवा फोकस असो. म्हणजे ल्यूट हातात असण्याची सबब इथे चालत नाही. सटल स्पेलसारख्या एखाद्या विशेष क्षमतेने हे घटकच काढून टाकले, तरच ती क्रिया अदृश्य ठरते. अशा अदृश्य रीतीने टाकलेल्या स्पेलचा परिणाम सर्वांना दिसला, तरी दुसरा काही पुरावा नसेल तर तो कोणी टाकला हे सहसा ठरवता येत नाही. आपल्या सॉर्सररने सॉर्सरी पॉइंट (अशा क्षमतांसाठी खर्चायचे गुण) मोजून जे विकत घेतले आहे, ते हेच.

आता मंत्रोच्चाराकडे जरा बारकाईने पाहू, कारण बार्डचा सगळा भरवसा त्याच्यावर आहे. हँडबुक सांगते की त्या शब्दांमध्ये स्वतःची अशी शक्ती नसते. विशिष्ट उंचीचे आणि विशिष्ट घुमाराचे ध्वनी ठरावीक रीतीने एकत्र आले की जादूचे धागे हलतात. म्हणूनच तोंडात बोळा कोंबलेल्या किंवा सायलेन्स या आवाज बंद करणाऱ्या स्पेलच्या घेऱ्यात सापडलेल्या व्यक्तीला असा स्पेल टाकता येत नाही. आवाज किती मोठा असावा, हे २०१४ मध्ये लिहिलेले नव्हते आणि त्यामुळे ओठांतल्या ओठांत पुटपुटून काम भागवण्याचे प्रयत्न अनेक गटांत झाले. २०२४ च्या पुस्तकाने ती फट बुजवली आहे, कारण ते शब्द नेहमीच्या बोलण्याच्या आवाजातच उच्चारले पाहिजेत, असे तिथे सरळ लिहिले आहे. त्याआधी, २००३ च्या साडेतीन आवृत्तीत तर खणखणीत आवाजाची अट होती. अधिकृत डीएम स्क्रीनवर आवाज किती दूर ऐकू जातो याचा तक्ता आहे. नेहमीच्या आवाजासाठी दोन सहा-बाजूंचे फासे टाकून बेरजेला दहाने गुणायचे आणि तितके फूट धरायचे. सरासरी सत्तर फूट येते. आवाज न करण्याचा प्रयत्न केला, तरी गुणक पाचाचा आहे, म्हणजे सरासरी पस्तीस फूट. बॅरन, किल्लेदार आणि सल्लागार हे तिघेही वीस फुटांच्या आसपास आहेत.

सजेशनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बार्डच्या खेळाडूच्या नजरेतून सुटलेली दिसते. बॅरनला सुचवायचे वाक्य म्हणजे मंत्रोच्चार नव्हे. खेळाचे प्रकाशक विझर्ड्स ऑफ द कोस्ट यांच्या सेज अॅडव्हाइस संकलनात याचा स्पष्ट खुलासा आहे की मंत्रोच्चाराचे गूढ शब्द आणि सूचनेचे समजण्यासारखे वाक्य या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. कमांड या स्पेललाही हेच लागू होते. त्यामुळे बार्डला दोनदा तोंड उघडावे लागणार. आधी गूढ ध्वनी, आणि मग कैद्याविषयीचे वाक्य, तेही बॅरनला ऐकू येईल आणि समजेल अशा भाषेत. मंत्रोच्चार कोणाच्या कानावर पडला नाही असे क्षणभर मानले, तरी गायिका मध्येच कैद्याची रदबदली करते आणि बॅरन तत्काळ मान डोलावतो, हे शेजारी बसलेल्या किल्लेदाराने ऐकलेले आणि पाहिलेले असणार.

दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे स्पेल ओळखण्याचे उत्तरही झॅनथारमध्येच आहे. पाहणाऱ्याने आपली रिअॅक्शन (दुसऱ्याच्या कृतीवर तत्काळ करायची कृती) खर्च करून इंटेलिजन्सची अर्काना, म्हणजे जादूच्या ज्ञानाची, तपासणी करायची आणि डीसी, म्हणजे फाशाने गाठायचा आकडा, पंधरा अधिक स्पेलची पातळी. सजेशन दुसऱ्या पातळीचा आहे, म्हणून डीसी सतरा. साध्या वाढप्याची इंटेलिजन्स दहा धरली, तर वीस-बाजूंच्या फाशावर त्याला सतरा किंवा अधिक हवेत, म्हणजे शंभरात वीस वेळा जमेल. सल्लागारासाठी मॉन्स्टर मॅन्युअलमधला २०१४ चा मेज (Mage, तयार जादूगार पात्र) घेतला, तर त्याची अर्काना अधिक सहा आहे, म्हणजे त्याला अकरा पुरतात, शक्यता निम्मी. ज्या क्लासचा (पात्राच्या प्रकाराचा) स्पेल म्हणून तो टाकला जातो, त्याच क्लासचा माणूस पाहत असेल तर त्याला अॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा धरण्याची सवलत) मिळतो. इथे टाकणारी बार्ड आणि पाहणारा विझार्ड आहे, म्हणून तो लाभ नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बार्डच्या बाजूने आहे. हँडबुकनुसार, स्पेलचा परिणाम जाणवण्यासारखा नसेल, तर आपण लक्ष्य झालो हे त्या व्यक्तीला बहुधा कळत नाही, जोपर्यंत स्पेलच्या वर्णनात वेगळे सांगितलेले नाही. चार्म पर्सनमध्ये ते वेगळे सांगितले आहे. तो संपला की तुम्ही भुरळ घातली हे त्या व्यक्तीला उमगते. फ्रेंड्समध्ये तर ती शत्रुत्वच पत्करते. सजेशनच्या वर्णनात असे एकही वाक्य नाही. बॅरनला जादूमुळे काही कळणार नाही. कळलेच तर ते शेजाऱ्यांच्या तोंडून.

वेताळटेकडी

अष्टकोन यांनी दिलेल्या आधारांबद्दल माझा वाद नाही, परंतु त्यातून जो निष्कर्ष निघतो असे वाटते, तो तितकासा पक्का नाही, हे मला आग्रहाने मांडायचे आहे. झॅनथारमधला नियम म्हणतो की घटक असलेला स्पेल टाकण्याची क्रिया जाणवू शकते. ती ज्याला जाणवली, त्याला ती जादू आहे हे समजतेच, असे त्या परिच्छेदात कुठेही म्हटलेले नाही. ऐकू येणे आणि उमगणे यांच्यामध्ये बरेच अंतर आहे आणि त्या अंतरासाठी नियमांत कोणताही डीसी नाही. सतरा हा आकडा तो स्पेल सजेशनच आहे हे ओळखण्यासाठीचा आहे.

२०२४ च्या पुस्तकात असेही म्हटले आहे की अनभिज्ञ माणसाला हे शब्द निरर्थक वाटतात. आता मेजवानीतल्या पाहुण्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तराणा ऐकताना 'तोम तनन देरेना' यांचा अर्थ आपण विचारत बसत नाही आणि गायक काही घातपात करतो आहे, अशी शंकाही आपल्याला येत नाही. गाण्यात निरर्थक वाटणारे बोल येणे ही जगभरची रीत आहे. ज्या पाहुण्याने आयुष्यात कधी जादूगार जवळून पाहिलेला नाही, त्याला बार्डच्या गाण्यातल्या चार अनोळखी अक्षरांवरून जादू झाल्याचे कळेल, हे मला पटत नाही.

यावर नियमपुस्तक गप्प असेल, तर उत्तर त्या जगाकडे मागावे लागते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एबेरॉन या खेळातल्या कल्पित जगात रस्त्यावरचे दिवे आणि आगगाडीदेखील जादूवर चालतात. तिथला हमालही मंत्रोच्चार ओळखेल. वॉटरडीप या खेळातल्याच दुसऱ्या कल्पित शहराच्या कायद्यात संमतीशिवाय जादूने कोणाचे मन वळवणे हा नोंदलेला गुन्हाच आहे, म्हणजे तिथल्या पहारेकऱ्याला याची जाण असणे त्याच्या कामाचाच भाग ठरतो. पण सांजवारा यांचा बॅरन एखाद्या आडबाजूच्या डोंगरी मुलखातला असेल, तर त्याच्या वाढप्यांकडून मी ती अपेक्षा करणार नाही. सल्लागाराचे मात्र वेगळे. त्याला कळेल, यात मला शंका नाही.

अष्टकोन

जगानुसार फरक पडतो हे मान्य आहे, आणि नियमांत तो टप्पा खरोखरच कोरा सोडलेला आहे. पण तराण्याच्या उदाहरणाविषयी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते. तराण्याचे बोल गायक आपल्या रागात आणि लयीत बसवतो, किंबहुना ते त्यासाठीच असतात. स्पेलच्या ध्वनींची उंची आणि घुमार मात्र स्पेलनेच ठरवून दिलेले आहेत, आणि ते बदलले की स्पेल होतच नाही. म्हणजे बार्ड ज्या सुरावटीत गात आहे, तिच्याशी त्या ध्वनींचे जुळेलच असे नाही, आणि ते जुळवून घेण्याची मुभा तिला नाही. एखादा कानसेन पाहुणा जादूविषयी अनभिज्ञ असला, तरी गाणे मध्येच कुठेतरी खटकले, इतके त्याच्या ध्यानात येईल. खटकले का, हे तो सल्लागाराला विचारू शकतो.

शिवाय गाण्याच्या आडून मन वळवण्याची सोय खेळात अगोदरच केलेली आहे आणि तिची किंमतही ठरलेली आहे. झॅनथारमधल्याच कॉलेज ऑफ ग्लॅमर या शाखेच्या बार्डला तिसऱ्या पातळीवर एन्थ्रॉलिंग परफॉर्मन्स मिळतो. त्यासाठी किमान एक मिनिट सादरीकरण करावे लागते, मग साठ फुटांतले काही श्रोते विझ्डम सेव्ह (परिणाम टाळण्यासाठीचा फासा) टाकतात, आणि ज्यांचा सेव्ह यशस्वी होतो त्यांना असा काही प्रयत्न झाला याचा सुगावाही लागत नाही. एखाद्या बार्डने ते कॉलेज न निवडता तोच लाभ गाण्याच्या सबबीवर मागावा, हे ज्याने ते निवडले त्याच्यावर अन्यायकारक आहे.

आपल्या बार्डला हा मार्ग खरोखर हवा असेल, तर २०२० च्या टॅशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंगमध्ये मेटामॅजिक अॅडेप्ट ही फीट, म्हणजे पात्राला निवडता येणारी जादा क्षमता, आहे. तिच्यातून दोन मेटामॅजिक प्रकार (स्पेल टाकण्याची रीत बदलणाऱ्या क्षमता) आणि दोन सॉर्सरी पॉइंट मिळतात, त्यांत सटल स्पेल घेता येतो. फक्त एक मेख लक्षात ठेवावी. २०१४ चा सटल स्पेल मंत्रोच्चार आणि हस्तमुद्रा काढतो, साहित्य काढत नाही, आणि सजेशनला साहित्य लागते. काटेकोर वाचले तर ल्यूटमुळे ती क्रिया तरीही जाणवू शकते. २०२४ च्या सटल स्पेलने ज्याला किंमत लावलेली नाही आणि जे खर्चही होत नाही, असे साहित्यही वगळले आहे. वाद्य वाजतच असताना केवळ ते हातात आहे म्हणून बार्डला पकडणे मला स्वतःला पटत नाही, आणि त्या एका बाबतीत मी नव्या पुस्तकाचा नियम उचलेन.

रानजाई

आम्ही पाथफाइंडर हा याच धर्तीचा दुसरा खेळ खेळतो, म्हणून तिकडची मांडणी थोडक्यात देते. तुलनेला उपयोगी पडेल. पाथफाइंडरची पहिली आवृत्ती २००९ ची. तिच्यात स्पेलक्राफ्ट या कौशल्याने स्पेल ओळखण्याचा डीसी पंधरा अधिक स्पेलची पातळी असा होता आणि तो साडेतीन आवृत्तीतूनच आलेला होता. पुढे त्याचे प्रकाशक पायझो यांनी खुलासा केला की प्रत्येक स्पेल टाकताना काही ना काही दृश्य खुणा प्रकट होतातच, मग घटक असोत वा नसोत. २०१६ च्या अल्टिमेट इंट्रीगमध्ये दरबारी कारस्थानांच्या संदर्भात याची विस्तृत चर्चा आहे. त्यामुळे वेताळटेकडी यांनी दाखवलेला कोरा टप्पा आमच्याकडे उरतच नाही. पाहणाऱ्याला मंत्र कळो न कळो, हवेत उमटलेली खूण त्याला दिसते.

दुसऱ्या आवृत्तीतही स्पेलच्या खुणा उघड दिसतात, असेच धरले जाते. २०२३ मध्ये ती सुधारून आली तेव्हा सटल नावाचे एक लक्षण जोडले गेले. चार्म किंवा मेसेज यांसारख्या ज्या स्पेलांवर हे लक्षण आहे, ते उच्चाराशिवाय आणि उघड खुणांशिवाय टाकता येतात. मला ही पद्धत अधिक स्वच्छ वाटते, कारण कोणता स्पेल लपून टाकता येतो हे त्या स्पेलच्या वर्णनातच पाहायला मिळते आणि सत्राच्या मध्यावर वाद घालत बसावे लागत नाही.

साडेतीन आवृत्तीतली आणखी एक तरतूद मला पाचव्या आवृत्तीत उणी भासते. तिच्यात ज्याचा सेव्ह यशस्वी झाला, त्याला स्पेलचा परिणाम उघड नसला तरी एक प्रतिकूल शक्ती किंवा झिणझिणी जाणवत असे. काय झाले ते नेमके कळत नसे, पण काहीतरी झाले एवढे कळत असे. बॅरनने सेव्ह केला तर काय, हा प्रश्न सांजवारा यांनी विचारलेला नाही, पण तो उद्भवणार आहे. साडेतीनमध्ये बॅरन दचकून इकडेतिकडे पाहू लागला असता. पाचव्या आवृत्तीत तो शांतपणे जेवत राहील.

सांजवारा

सर्वांचे मनापासून आभार. मुलूख डोंगरी आहे आणि तिथे जादूगार क्वचितच दिसतो, म्हणून पाहुणे आणि वाढपी यांच्याबाबत वेताळटेकडी यांचे म्हणणे मी स्वीकारत आहे. त्यांना गाणे खटकेल, जादू कळणार नाही. किल्लेदाराने कैद्याविषयीचे वाक्य ऐकलेले असेल. बार्डच्या प्रयत्नाला मी पूर्ण नकार देणार नाही. तिने परफॉर्मन्सची (सादरीकरणाची) तपासणी करावी आणि ती सल्लागाराच्या निष्क्रिय (फासा न टाकता धरायच्या) अर्कानाच्या, म्हणजे दहा अधिक सहा मिळून सोळाच्या, वर जावी, असे ठरवत आहे. सॉर्सररच्या खेळाडूला हे आधी सांगून त्याची संमती घेईन. सटल स्पेलला अशी कोणतीही तपासणी लागत नाही, हा त्याचा लाभ शाबूत राहतो.

एकच शंका उरते. तपासणी फसली आणि सल्लागाराला सुगावा लागला, तर तो आधी स्पेल ओळखून मग काउंटरस्पेल (दुसऱ्याचा स्पेल हाणून पाडणारा स्पेल) टाकू शकतो का? मेजच्या यादीत तो स्पेल तयार आहे.

अष्टकोन

नाही. झॅनथारप्रमाणे स्पेल टाकला जात असतानाच तो ओळखायला रिअॅक्शन लागते आणि काउंटरस्पेललाही रिअॅक्शनच लागते. एका फेरीत ती एकच असते. ओळखायचे की अडवायचे, हे त्याला आधी ठरवावे लागेल. बार्ड एखादा निरुपद्रवी कॅन्ट्रिप (सर्वांत साधा स्पेल) टाकत आहे की बॅरनचे मन वळवत आहे, हे न कळताच तिसऱ्या पातळीचा स्लॉट (स्पेल टाकण्याची मोजकीच मिळणारी संधी) खर्च करायचा की नाही, हा निर्णय आपण त्याच्या स्वभावानुसार घ्यावा. दरबारी सल्लागार बहुधा अडवेल, कारण यजमानासमोर न विचारता कोणताही स्पेल टाकणे त्याला गैरच वाटेल.

त्याने अडवले, तर २०१४ च्या नियमांप्रमाणे सजेशन तपासणीशिवाय निष्फळ होतो, कारण तो तिसऱ्या पातळीपर्यंतचा आहे; अर्थात बार्डने तो वरच्या स्लॉटमधून टाकलेला नसेल तर. २०२४ चे पुस्तक वापरले, तर बार्डला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह मिळेल. आणि काउंटरस्पेलला हस्तमुद्रा लागते. सल्लागाराचा हात हवेत फिरलेला किल्लेदाराला अगदी जवळून दिसेल, पण तो कशासाठी फिरला हे त्याला कोणी सांगेपर्यंत कळणार नाही. त्याने आधी सल्लागारावरच संशय घेतला, तर तेही नियमांना धरूनच होईल.